पेटी दुरुस्तीला आणण्याआधी एवढं वाचा

भातावाला

मंडळी, मी कोल्हापुरात पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. आषाढी तोंडावर आली की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. दिंडीतल्या पेट्या, देवळातल्या पेट्या, आणि आजोबा गेल्यापासून माळ्यावर पडून असलेल्या, आता नातवाला क्लास लावलाय म्हणून खाली काढलेल्या पेट्या.

गेल्या आठवड्यात अशीच एक माळ्यावरची पेटी आली. तीन सुरांची, म्हणजे दर पट्टीला तीन सूर: खालचा खर्ज, मधला नर, वरची मादी. सूर जुने जर्मन. लाकडाची चकाकी अजून शाबूत. वरची फळी काढून एकेक सूर पाहायला लागलो आणि पोटात कालवलं. नराच्या मधल्या सप्तकातल्या बहुतेक जिभा टोकापासून मुळापर्यंत कानशीने खरवडलेल्या होत्या. कुणीतरी सूर आधी उतरवला, जास्त उतरला म्हणून चढवला, मग पुन्हा उतरवला. दर खेपेला थोडं पितळ गेलं. आता त्या जिभा कागदासारख्या झाल्यात, भाता जरा जोरात मारला की आवाज चिरकतो. पेटी घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "ह्यांनी चाळीस वर्षं हिच्यावर भजन केलं. पहिल्यासारखी वाजेल ना?" मला नाही म्हणावं लागलं. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ज्याला सूर म्हणतो ती एक पितळेची छोटी चौकट असते. तिच्यात लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेट मारून बसवलेली पितळी जीभ. हवा खाचेतून जाताना जीभ थरथरते, तोच आवाज. टोकाकडचं पितळ खरवडलं की टोक हलकं होतं, जीभ जास्त वेगाने थरथरते आणि सूर चढतो. मुळाकडे खरवडलं की जीभ तिथे लवायला लागते आणि सूर उतरतो. कसब यातच आहे आणि धोकाही यातच. चढवा किंवा उतरवा, पितळ कमीच होतं. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या, तीन सुरांची असेल तर १२६ जिभा. इतक्या जिभांवर जो घाईने कानस फिरवतो तो पेटीचं आयुष्य खातो.

माझ्या मिस्त्रींनी मला पहिली तीन वर्षं कानशीला हात लावू दिला नाही. धूळ काढ, भात्याच्या घड्या चिकटव, बनात (जाड लोकरी कापड) काप, पट्ट्यांच्या स्प्रिंगा वाकव. मी खट्टू व्हायचो. मग एकदा ते गावाला गेलेले असताना एका कीर्तनकारांची पेटी आली, काळी दोनचा (दुसऱ्या काळ्या पट्टीचा) नर उतरलेला. मी घेतला हातात. घासला, वाजवला, अजून उतरलेलाच. घासला, वाजवला. शेवटी जुळला. सकाळी वाजवून पाहतो तर चांगलाच चढलेला! घासताना पितळ गरम होतं आणि गरम जीभ उतरून बोलते, थंड झाली की चढते, हे मला ठाऊकच नव्हतं. मग मुळाशी घासून उतरवायला गेलो आणि तिथे जीभ इतकी पातळ झाली की दोन दिवसांत मोडली. मिस्त्री परत आले, काही बोलले नाहीत. जुन्या सुरांच्या बरणीतून जोडीचा सूर शोधायला त्यांनी अख्खी दुपार घालवली आणि मोडका सूर माझ्या हातात ठेवला. तो अजून माझ्या खणात आहे. दुकानात नवीन पोरगा आला की त्याला आधी तो दाखवतो.

तर विनंती अशी. एखादी पट्टी मुकी झाली तर लगेच सूर गेला असं समजू नका. दहापैकी आठ वेळा जिभेखाली धुळीचा कण किंवा कापडाचा धागा अडकलेला असतो. टाचणी, सुई, ब्लेडचं टोक आत घालू नका. जीभ वाकली की तिच्या टोकाची उंची बिघडते. टोक खाचेच्या किंचित वर उचललेलं असावं लागतं. फार वर गेलं तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो, फार खाली बसलं तर बोलतच नाही.

दुसरं, एकच सूर लावून घेतला आणि महिन्याभरात परत उतरला, पुन्हा लावला, पुन्हा उतरला, असं झालं तर कारागिराला दोष देण्याआधी त्याला विचारा, मुळाशी चीर आहे का? थकलेली जीभ मोडण्याआधी अशीच हळूहळू उतरत जाते. भजनाच्या पेट्यांत हे फार दिसतं. वरच्या पट्टीत, टाळ-मृदंगाच्या गजरात, भाता जीव खाऊन मारला जातो. असा सूर लावायचा नसतो, बदलायचा असतो.

आणि तिसरं. गाणारा कोण, त्याची पट्टी कोणती, म्हणजे तो सा कुठल्या पट्टीवर धरतो, हे पेटी देतानाच सांगा. का ते कुणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

---

नवशिक्या_सा

काका, फार उपयोगी धागा. मी नुकतीच जुनी दोन सुरांची पेटी घेतली. पांढरी पाचची पट्टी दाबली नाही तरी तो सूर सतत वाजत राहतो, भाता मारला की सुरूच. हा सुराचाच दोष ना? आणि जुनी पेटी घेताना काय बघायचं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

---

भातावाला

नवशिक्या, सुराचा दोष अजिबात नाही. पट्टीच्या मागच्या टोकाला खाली चामडं किंवा बनात लावलेली असते, ती भोकावर झाकणासारखी बसते. झाकण नीट बसलं नाही की हवा जाते आणि सूर वाजतो. स्प्रिंग सैल झाली असेल, चामडं कसरीने खाल्लं असेल, नाहीतर पावसाळी हवेने पट्टीचं लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासत असेल. माझ्याकडे एकदा पट्टीखालून तुळशीमाळेचा मणी निघाला होता. कुठल्याही कारागिराकडे अर्ध्या तासाचं काम आहे. तो सूर बदलायचा म्हणाला तर पेटी उचला आणि घरी या.

जुनी पेटी बघताना आधी वाजवू नका. खटके (हवा सोडायच्या पुढच्या खुंट्या) सगळे बंद करा, बाहेरचा भाता मारून आतला भाता भरा आणि हात काढून घ्या. आतला भाता आपोआप किती भरभर रिकामा होतो ते पाहा. लगेच बसला तर गळती आहे. मग एक खटका उघडा, पट्टी न दाबता पुन्हा तेच करा. आता लवकर बसला तर गळती पट्ट्यांखालच्या झाकणांत आहे. त्यानंतर प्रत्येक पट्टी अगदी हळू हवेवर दाबून बघा. चांगला सूर कमी हवेतही बोलतो. सगळ्यात शेवटी फळी उघडून जिभांवर कानशीचे ओरखडे किती आहेत ते बघा. ओरखडे थोडे असणारच. पण खोल खड्डे दिसले तर ती पेटी कितीही देखणी असू दे, सोडून द्या.

आणखी एक. भाता आधी कशाने चिकटवलाय ते पाहा. आम्ही सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) वापरतो. तो कोमट पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणून वीस वर्षांनी दुसरा कारागीर घड्या उघडू शकतो. हल्ली बरेच जण पांढरा गोंद थापतात. पकड घट्ट बसते, खरं आहे, पण पुढच्या दुरुस्तीला लाकडाचे तुकडे उपटल्याशिवाय सांधा सुटत नाही. आपल्यानंतर कुणीतरी ही पेटी उघडणार आहे, हे डोक्यात ठेवूनच चिकटवलं पाहिजे.

---

ठेका_दुगुन

कानाने सूर लावण्याचा काळ आता गेला असं मला वाटतं. फोनवर ट्यूनर असतो, काटा मधे आला, हिरवा दिवा लागला की सूर लागला. मी माझी पेटी स्वतः तशी लावली. एकेक सूर तपासला, सगळे बरोबर. मात्र दोन्ही सूर एकत्र वाजवले की काही पट्ट्यांवर आवाज डोलतो. हे कशामुळे?

---

भातावाला

ठेका, फोन मीही वापरतो. पहिली जुळणी त्याच्यावरच होते, त्यात काही वावगं नाही. पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर काट्यात मिळणार नाही.

समजा एक जीभ सेकंदाला ४४० वेळा थरथरते आणि जोडीची ४४१ वेळा. फोनवर हा फरक चार सेंटसुद्धा नाही (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), दोन्हींना हिरवा दिवा मिळेल. पण एकत्र वाजल्या की दर सेकंदाला एक लाट उठते, आवाज मोठा-लहान होतो. तोच तुमचा डोल. तो घालवायचा तर दोन्ही सूर एकत्र वाजवत, लाट लांबत लांबत नाहीशी होईपर्यंत एका जिभेवर अगदी हलका हात फिरवायचा. लाट मोजायला कान पुरतो, आणि कानाइतकं बारीक दुसरं साधन माझ्या बाकड्यावर नाही.

तुम्ही तपासताना भाता किती जोरात मारला होता? जास्त दाबावर जीभ किंचित उतरते, खर्जात हे जास्त जाणवतं. सकाळी निवांत हळू हवेवर लावलेला खर्ज संध्याकाळी भजनात जोरात वाजवला की नराशी फटकतो. म्हणून मी पेटी आणणाऱ्याला आधी वाजवायला बसवतो. त्याचा हात बघतो. त्याच्या हाताच्या दाबावर सूर लावतो.

आणि सूर बाहेर काढून बाकड्यावर जुळवला तरी तो आत बसवल्यावर थोडा बदलतो, कारण आतली हवेची पोकळी वेगळी असते. शेवटचा हात पेटीत बसवूनच द्यायचा.

तुमच्या पेटीवर आता आणखी कानस चालवू नका. ज्या पट्ट्या डोलतात त्या लिहून ठेवा आणि कुणा जाणत्याकडे जा.

---

गंधारी

मी पुण्यात शास्त्रीय गाणं शिकते, पट्टी काळी एक... नाही, पांढरी एकच्याच आसपास बसते आता. माझी अडचण अशी: तानपुरा छान जुळलेला असतो, मी त्यात गंधार लावते, गुरुजी मान डोलावतात. पेटीची साथ सुरू झाली की माझा गंधार उतरलेला वाटायला लागतो. पेटी नुकतीच लावून आणलीय. दोष पेटीचा की माझा? खरं सांगायचं तर या गोष्टीने मला कित्येक महिने रडवलंय.

---

भातावाला

ताई, दोष तुमचा नाही. लावणाऱ्याचाही नसेल.

नेहमीच्या लावणीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करतात, म्हणजे कुठल्याही पट्टीवर सा धरता येतो. त्याची किंमत गंधाराने मोजलेली असते. पांढरी एकचा सा सेकंदाला २६१.६ कंपनांचा धरला तर पेटीचा शुद्ध गंधार ३२९.६ येतो. तानपुऱ्यातून जो आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार साच्या सव्वापट असतो, म्हणजे ३२७. पेटीचा गंधार चौदा सेंट चढा. पंचमात हाच फरक फक्त दोन सेंटचा आहे, म्हणून पंचम कुणाला खटकत नाही. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून वरचा गंधार निघतो, त्याच्याशी पेटीच्या गंधाराची सेकंदाला पाचेक लाटा उठतात. तुमचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय, त्याला त्या लाटा सहन होत नाहीत. हे चांगल्या कानाचं लक्षण आहे.

उपाय आहे. तुमच्या पट्टीचा सा धरून गंधार, धैवत, निषाद वगैरे स्वर तानपुऱ्याशी जुळवून लावता येतात. आपल्याकडे त्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात. मी लावून देतो, पण दोन गोष्टी आधी सांगतो. ती पेटी मग तुमच्याच पट्टीत सुरेल राहील, काळी चारला गाणाऱ्याने ती घेतली तर त्याला बेसूर लागेल. आणि स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) असेल तर त्याचा उपयोग संपला. पट्ट्या सरकल्या तरी जिभा जागच्या जागी असतात, सा दुसऱ्या जिभेवर गेला की सगळी अंतरं विसकटतात. तुमचीही पट्टी अजून बदलतेय असं तुम्हीच लिहिलंय. मग वर्षभर थांबा. पट्टी एकदा ठरली की या. आज चौदा सेंट उतरवायचे आणि पुढच्या वर्षी परत चढवायचे म्हणजे दोन्हीकडून पितळ जाणार. तोवर साथवाल्यांना सांगा की गंधारावर ठेहराव असेल तिथे पेटी फक्त सा-प वर ठेवा. जाणते साथीदार हे आपणहून करतात.

म्हणूनच वर म्हणालो होतो, गाणारा कोण ते सांगा.

---

कानसेन

गंधाराचं हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्यात आपल्या सांगलीचा मोठा वाटा आहे, म्हणून थोडी भर घालतो. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी श्रुतींची (सप्तकातल्या बारीक स्वरांची) मापं काढण्यासाठी वर्षानुवर्षं प्रयोग केले, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावर ताडून पाहिले. इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांच्या कामाने भारावले आणि १९११ साली लंडनमध्ये श्रुतींची पेटी बनवून घेतली गेली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. सा आणि प सोडून प्रत्येक स्वराच्या दोन श्रुती, आणि हव्या त्या निवडायला पट्टीगणिक खटका.

मूळ वाद्य पॅरिसचं. देबें यांनी १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य खाली बसून हाताने वाजवण्याजोगं झालं ते कलकत्त्यात, द्वारकानाथ घोष यांच्या हातून. पुढे ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला दारं बंद केली. स्वर समान अंतरांवर बांधलेले आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हे आक्षेप होते. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत आपल्याकडे गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर यांच्यासारख्यांनी पेटी गाती ठेवली. पेटीची ही पडती बाजू सांभाळणारे लोक होते म्हणून वाद्य टिकलं, आणि त्या लोकांच्या पेट्या लावणारेही कुणीतरी होतेच. त्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

खुंटी_आणि_तार

भातावाले, तुमची पहिली पोस्ट वाचून हात थांबला. मी मिरजेत तंबोऱ्याचं काम करतो. आमच्याकडे पितळेच्या जागी हाड आहे, एवढाच फरक.

लोक म्हणतात तंबोरा "बोलत नाही". बरेचदा तारा बदलून आणतात, तरी बोलत नाही. घोडीचा (तारा जिच्यावरून जातात त्या हाडाच्या पट्टीचा) माथा सपाट दिसतो, पण त्याला केसाएवढा उतार असतो. तार त्या उतारावर घसटत कंप पावते म्हणून ती झणकार येते. हीच जवारी. सतत वाजवून तारेखाली खाचा पडतात, मग झणकार मरते. जवारी काढायची म्हणजे त्या खाचा जातील इतकाच माथा घासायचा आणि उतार पुन्हा धरायचा. एक कानस जास्त बसली तर तार भणभणते, आणि घोडी खाली गेलेली असते ती गेलेलीच. दहा वेळा घासा, वीस वेळा तारेखालचा धागा सरकवून ऐका, असं आम्हाला शिकवलंय. सतारीला तर वाजवणाऱ्यागणिक वेगळी जवारी, कुणाला खुली लागते, कुणाला बंद.

आमच्या गावातलं हे काम शिकलगार घराण्यांनी उभं केलं. हत्यारांना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या काळापासून वाद्यांकडे वळले. भोपळे आजही पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीत पेढे वाटले. पण मला काळजी दुरुस्तीची वाटते. नवीन वाद्य घडवणाऱ्याचं नाव त्यावर लागतं. जवारी काढणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही, म्हणून पोरं तिकडे वळत नाहीत. भोपळ्याला तडा गेला की लोक तंबोरा टाकूनच देतात. अहो, तडा सांधता येतो. आतून कापडाची पट्टी सरसाने बसवून सांधलेले तंबोरे तीस-तीस वर्षं वाजलेले मी पाहिलेत. टाकण्याआधी एकदा विचारा तरी.

---

शाईपुडी

तबल्याची बाजू मांडतो. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, तबला उतरतो. तो चढवायला लोक काय करतात, तर गॅसजवळ धरतात. कृपा करून असं करू नका. चामडं एका बाजूने आवळतं, शाई उकलते. शाई म्हणजे मधला काळा गोल: लोहचूर, काजळी आणि पिठाची खळ यांचे एकावर एक दिलेले थर, प्रत्येक थर दगडाने घोटलेला. घोटताना त्या थराला मुद्दाम बारीक भेगा पाडलेल्या असतात, कणाकणाला मोकळं हलता यावं म्हणून. आग लागली की ते कण सुटून येतात आणि पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, गेलीच.

गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) हातोडी मारतानाही एकाच घरावर (वादीच्या, म्हणजे ताणाच्या चामडी पट्टीच्या, दोन ओढींमधल्या जागेवर) जोर नको. वरून मारलं की चढतो, खालून मारलं की उतरतो, हे सगळ्यांना येतं. पण समोरासमोरची घरं आलटून पालटून, थोडी थोडी, आणि मधे बोटाने किनार ऐकत. एका बाजूला ठोकत राहिलं की तबल्याच्या दोन बाजू दोन सूर बोलतात. वादी सैल झाली असेल तर हातोडीने लाज राखली जाणार नाही, वादी ओढून घ्या.

---

बर्फातली_पेटी

न्यू जर्सीहून लिहितेय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वाजणारी पेटी माझ्याकडे असते. दर हिवाळ्यात भाता धरत नाही, उन्हाळ्यात आपोआप बरी होते! यंदा मात्र आतल्या फळीला चीर दिसतेय. इथे पियानो लावणारे भेटतात, पेटी उघडायला कुणी तयार होत नाही. एकाला दाखवली, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आत काय आहे ते त्याला माहीत नाही. भारतात आणावी लागेल का?

---

भातावाला

ताई, हीटरने घरातली हवा कोरडी ठक्क होते आणि लाकूड आकसतं. सांधे उघडतात, हवा गळते. उन्हाळ्यात लाकूड परत फुगतं, सांधे मिटतात. फळीची चीर त्याच ओढाताणीतली आहे. हिवाळ्यात खोलीतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील अशी वाफेची सोय करा, पेटी हीटरच्या झोताजवळ आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, वाजवून झाली की पेटाऱ्यात.

ज्या फळीवर सूर बसवलेत त्याच फळीला चीर असेल तर एका घरातली हवा दुसऱ्या घरात शिरते आणि दोन सूर एकदम कुजबुजतात. तसं होतंय का बघा. होत नसेल तर भारतात आणण्याची गरज नाही. ज्या पियानोवाल्याने "माहीत नाही" असं सरळ सांगितलं, त्याच्याकडेच परत जा. तो माणूस भरवशाचा आहे. लाकडाची चीर आणि चामडं त्याला कळतं, फक्त जिभांना हात लावायचा नाही एवढं त्याला सांगा. फोटो टाका, मी काय करायचं ते लिहून देतो.

आणायचीच झाली तर विमानात देताना कप्लर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली जोडीची पट्टी दाबणारी सोय) बंद, भात्याची कडी लावलेली, पट्ट्यांवर जाड दुलईचं कापड आणि त्यावर झाकण घट्ट, म्हणजे पट्ट्या उसळणार नाहीत.

---

सरस_आणि_बनात

काका, मी रत्नागिरीची, सुतारकाम घरचंच. पेटी विशारदपर्यंत शिकलेय. दुरुस्ती शिकायची फार इच्छा आहे. दोन ठिकाणी विचारलं, एकाने "मुलींना जमत नाही" म्हणून वाटेला लावलं. पोट भरतं का यावर? आणि कुठून सुरुवात करू?

---

भातावाला

पोरी, जमत नाही म्हणणाऱ्याला कानस धरायला किती ताकद लागते ते तरी माहीत असावं. ताकद लागतच नाही, लागतो तो हात आवरण्याचा सराव. सुतारकी घरात आहे आणि कान तयार आहे, यापेक्षा जास्त भांडवल घेऊन माझ्याकडे कुणी आलेलं नाही.

पोटाचं खरं सांगतो. काम वर्षभर सारखं नसतं. आषाढीआधी, श्रावणात, गणपतीत रात्रीचा दिवस. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा, त्याच्या आधी क्लासच्या पेट्या येतात. बाकीचे महिने हात रिकामा. मी त्या महिन्यांत जुन्या पेट्या घेऊन दुरुस्त करून विकतो, म्हणून घर चाललं. तीन सुरांची पेटी नीट लावायला मला दोन दिवस लागतात, आणि गिऱ्हाईकाला वाटतं की फोन लावून तासाभरात होतं. पैसे सांगताना ही खिंड रोज लढवावी लागते. त्यासाठी मी आता पेटी त्यांच्यासमोर उघडतो आणि जिभा दाखवतो. जिभा मोजल्या की माणूस घासाघीस करत नाही.

सुरुवात भात्यापासून कर. एखादी मोडकी पेटी मिळव, सूर काढून बाजूला ठेव, भाता पूर्ण उसवून पुन्हा बांध. तो हवा धरेपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग पट्ट्या, चामडं, स्प्रिंगा. गुजरातेतल्या पालिताण्याहून येणारे साधे नवीन सूर थोडे विकत घे आणि त्यांच्यावर हात बसव. जुन्या जर्मन किंवा पॅरिसच्या सुरांना पहिली काही वर्षं हात लावायचा नाही. पावसाळा संपला की चार दिवस कोल्हापूरला ये, राहायची सोय आमच्या घरी होईल, हिच्याशी बोलून ठेवलंय.

---

सरस_आणि_बनात

काका, दिवाळीनंतर नक्की येते. शेजारच्या देवळातली मोडकी पेटी मागून घेतली. उंदरांनी भात्याच्या चार घड्या खाल्ल्यात. काल रात्री सरस उकळला तर जळका वास आला आणि चिकटलाच नाही.

आणि त्या आजींच्या पेटीचं पुढे काय झालं?

---

भातावाला

सरस उकळायचा नसतो. रात्रभर पाण्यात भिजवायचा, आणि सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचा. बोट जेमतेम सहन करेल इतकाच गरम. उकळला की त्याचा चिकटपणा मरतो. जळलेला टाकून दे आणि नवीन भिजत घाल.

आजींच्या पेटीचा खर्ज आणि मादी तपासली, त्यांच्यावर ओरखडे फारसे नाहीत. त्यांना मी फक्त ब्रशने झाडलं. सगळी पेटी ४४० च्या मापापेक्षा (पांढरी सहा सेकंदाला ४४० वेळा, हे हल्लीचं माप) चढी आहे. पूर्वी अशा पुष्कळ पेट्या असायच्या. घरात तिच्याबरोबर बासरी किंवा कीबोर्ड वाजत नाही, म्हणून ती खाली आणली नाही, आहे तिथेच ठेवली. खरवडलेले नराचे सूर काढले, पालिताण्याचे नवीन सूर घेतले आणि खाचांत बसवायला चौकटी घासून घेतल्या, त्यात तीन दिवस गेले. नवीन नर जुन्या खर्जाला जुळवताना एकेका पट्टीवर लाट विझेपर्यंत बसलो.

परवा आजी आणि नातू आले. नातवाने सा धरला, आजी डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आवाज थोडा नवा झालाय, पण खालचा ह्यांचाच आहे." त्यांचा कान बरोबर होता, खर्ज जुनाच आहे. काढलेले जर्मन सूर कागदाच्या पुडीत बांधले, प्रत्येकावर पट्टीचं नाव लिहिलं आणि पुडी पेटीच्या आत, डाव्या कोपऱ्यात ठेवून दिली.